एम.ए.ची दोन वर्षं आणि आईचा कोड

परवा सोलापूरहून एका मुलीचा फोन आला. माझ्याच जुन्या कॉलेजातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. "ताई, पुण्यात एम.ए. इकॉनॉमिक्सला येतेय. यायच्या आधी काय शिकून घेऊ?" मी बसमध्ये लटकत होते. "एक्सेल शीक," म्हटलं आणि फोन ठेवला. रात्री जेवताना लक्षात आलं की मी तिला नेमकं उलटं सांगितलं. एक्सेलनेच तर माझा घात केला होता. म्हणून तिच्यासाठी जरा सविस्तर लिहून ठेवते.

मी २०२३च्या ऑगस्टमध्ये पुण्यात आले. नवी पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते. एका खोलीत तीन खाटा आणि खाटेखाली ज्याचा त्याचा संसार. माझ्या दोन्ही रूममेट एमपीएससीवाल्या, एक नांदेडची, एक जतची. पहाटे अभ्यासिकेत जागा धरायला जायच्या. त्यांचा अभ्यासक्रम ठरलेला, पुस्तकं ठरलेली, अप्पा बळवंत चौकात कुठल्या दुकानातून घ्यायची तेही ठरलेलं. मला त्यांचा हेवा वाटायचा. माझ्या एम.ए.ला चार विषय होते आणि परीक्षा होती, पण या दोन वर्षांत नेमकं काय यायला हवं ते कुणी सांगत नव्हतं. (सोलापुरात आमच्या गल्लीत अजूनही सगळ्यांना वाटतं की मी एमपीएससीच करते. पुण्यात मुलगी एवढी वर्षं राहिली म्हणजे दुसरं काय करणार?)

पहिला धक्का भाषेचा. माझं शिक्षण मराठीतून. 'मागणीची लवचिकता' म्हटलं की मी झोपेतही आकृती काढीन, पण वर्गात त्याच गोष्टीला इलॅस्टिसिटी म्हणत आणि मी दोन वाक्यं मागे राहायची. पहिला शोधनिबंध अठ्ठावीस पानांचा होता. प्रत्येक अडलेला शब्द मोबाईलवर शोधत वाचला. चार दिवस लागले आणि शेवटच्या पानावर पोचले तेव्हा पहिलं पान विसरले होते.

विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात माझ्या समोरच्या टेबलावर पीएच.डी. करणारी एक ताई बसायची. तिने तो निबंध माझ्या हातातून घेतला, मागची पानं काढली आणि म्हणाली, "इथून सुरू कर. आधी तक्ते बघ. तक्त्याखालच्या बारीक टिपा वाच, खरं तिथे लिहिलेलं असतं. मग प्रस्तावना. मधलं सगळं लागलं तर." आणि एक सवय लावली. वाचून झालं की मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत चार ओळी लिहायच्या. काय विचारलंय, कुणाच्या आकडेवारीवर, काय सापडलं, आणि आपल्याला काय पटलं नाही. पहिल्या तीन ओळी महिन्याभरात जमायला लागल्या. चौथी ओळ दिवाळीपर्यंत कोरी होती. मोठ्या विद्यापीठातल्या माणसाने लिहिलेलं मला न पटण्याचा प्रश्नच कुठे येतो, असंच वाटायचं. दिवाळीनंतर पहिल्यांदा तिथे लिहिलं, 'यांनी घरी बसून काम करणाऱ्या बायका मोजल्याच नाहीत.' ती ओळ लिहिली त्या दिवशी मी ताईला अनिकेत कँटीनमध्ये चहा पाजला.

शोधगंगावर पीएच.डी.चे हजारो प्रबंध फुकट आहेत, तेही तिनेच दाखवलं. मी त्यातलं फक्त संशोधन पद्धतीचं प्रकरण वाचायची. दहा-बारा वाचले की चांगलं कुठलं आणि पानं भरलेलं कुठलं, ते वासावरून कळायला लागतं.

दुसऱ्या सत्रात ओजेटी आली. नव्या शैक्षणिक धोरणात एम.ए.लाही चार क्रेडिटचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे. वर्गातल्या निम्म्या जणांनी कुणाच्या तरी काकांच्या ऑफिसातून सर्टिफिकेट आणलं. मी त्यांना नावं ठेवत नाही, मलाही कुणी काका असते तर मीही आणलं असतं. नव्हते म्हणून मेल पाठवत बसले. पहिले तीन मेल पानभर लांब, 'आदरणीय सर'पासून माझ्या दहावीच्या टक्क्यांपर्यंत सगळं. एकाचंही उत्तर नाही. चौथा पाच ओळींचा लिहिला. मी कोण, तुमचा अमुक अहवाल वाचला, त्यातल्या तक्त्याबद्दल हा एक प्रश्न पडला, आणि उन्हाळ्यात तुमच्याकडे काम करायचं आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आधी प्रश्नाचं, मग कामाचं.

ती संस्था छोटी, कर्वेनगरच्या बाजूची. पहिला आठवडा झेरॉक्स आणि डेटा एन्ट्रीत गेला. मग घरबसल्या काम करणाऱ्या बायकांच्या सर्वेक्षणाची प्रश्नावली मराठीत करायचं काम अंगावर आलं. मी शब्दकोश घेऊन बसले आणि 'नेहमीची मुख्य कार्यस्थिती' असं काहीतरी लिहून दिलं. तिथल्या सरांनी कागद वाचला आणि विचारलं, "जनता वसाहतीच्या पायऱ्यांवर बसलेल्या बाईला तू हे विचारणार?" मग म्हणाले, "घरी फोन लाव. आईला विचारून बघ."

मी तिथेच, त्यांच्या समोर, स्पीकर लावून फोन केला. "आई, एक प्रश्न विचारते, जसं येईल तसं उत्तर दे. तू काय काम करतेस?"

"मी? मी कुठं काय काम करायले. घरीच हाय की."

आणि हे बोलताना मागे कातरीचा आवाज येत होता. कच्, कच्. माझ्या जन्माच्या आधीपासून माझी आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून ठेवलेली तेंदूची पानं. कातरीने पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मिटायचं. आम्ही बहिणी शाळेतून आलो की दोरा बांधायला बसायचो. त्या पैशावर मी पुण्यात खाटेचं भाडं भरत होते. आणि ती बाई सांगत होती की मी काही करत नाही.

सरांनी पुढ्यातला कोडचा कागद माझ्याकडे सरकवला. सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणात, म्हणजे पीएलएफएसमध्ये, माणूस वर्षातला जास्त काळ काय करत होता याला दोन आकडी कोड असतो. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ११ म्हणजे स्वतःच्या हिमतीवर काम करणारा स्वयंरोजगारी. २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा. ३१ म्हणजे नियमित पगारदार. आईने दिलेल्या उत्तरावर सर्वेक्षण करणारा तिथेच थांबला तर तिला ९२ मिळणार, म्हणजे देशाच्या हिशेबात ती कामकरी नाहीच. त्याने पुढे विचारलं की विड्या कोण वळतं, तर ११, कारण ठेकेदाराकडून माल आणून घरी नगावर काम करणाऱ्याला सर्वेक्षणात स्वयंरोजगारी धरतात. आणि तेव्हा लागू असलेल्या १९६६च्या विडी-सिगार कामगार कायद्यात बघितलं तर घरी विडी वळणारी बाई चक्क कामगार होती, मालकाची नोकर. आईचा पीएफसुद्धा कापला जातो.

संध्याकाळी मी तिला परत फोन करून हे सांगितलं, की सरकारी हिशेबात तुझा स्वतःचा धंदा आहे.

"माझा धंदा?" ती म्हणाली. "मग कारखान्याच्या दारात लायनीत कशाला उभी राहते मी?"

माझ्या संशोधन प्रकल्पाचा विषय त्या फोनवर ठरला. महाराष्ट्रात घरात बसून काम करणाऱ्या बायका, पीएलएफएसच्या आकडेवारीवरून. याच सर्वेक्षणानुसार देशातल्या पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. सहा वर्षांत एवढी उडी कशी, यावर अर्थशास्त्रज्ञ भांडतायत. बायका खरंच कामाला लागल्या, की घरच्या शेतात आधीही राबत होत्या आणि आता नीट मोजल्या गेल्या? मला या भांडणात उतरायची हौस नव्हती. मला फक्त विडीवाल्या मोजायच्या होत्या.

आता एक्सेलचं सांगते.

पीएलएफएसचा मूळ डेटा फुकट मिळतो. पण उघडला की नुसते आकडे, ओळीच्या ओळी, मध्ये मोकळी जागासुद्धा नाही. सोबतच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं की कितव्या अंकापासून कितव्या अंकापर्यंत वय, कुठे जिल्हा, कुठे उद्योगाचा कोड. मी ते एक्सेलमध्ये घेतलं, रकाने पाडले, महाराष्ट्राच्या ओळी ठेवून बाकी उडवल्या. उद्योगाचा कोड पाच आकडी असतो, पण उद्योगाचा गट पहिल्या दोन अंकांवरून कळतो. १२ म्हणजे तंबाखूचे पदार्थ, त्यातच विडी. पहिले दोन अंक काढायचं सूत्र लावलं, मोजले, तक्ता केला. फार छान तक्ता झाला होता. रंग वगैरे दिले.

तक्त्यात सांगली जिल्ह्याच्या खेड्यांत सोलापूरपेक्षा जास्त बायका तंबाखूच्या कामात होत्या.

दोन दिवस मी त्याचं स्पष्टीकरण शोधत होते. निपाणी जवळ आहे, तंबाखूचा पट्टा आहे, असं लिहूनही टाकलं होतं. जतच्या रूममेटला सहज विचारलं, तुमच्या जिल्ह्यात एवढ्या विड्या कुठे वळतात गं? ती म्हणाली, "आमच्याकडं? आमच्याकडं बायका द्राक्षाच्या बागेत जातात."

द्राक्षं. द्राक्षशेतीचा कोड शून्याने सुरू होतो, ०१२१० असा. एक्सेलला तो आकडा वाटतो, आणि आकड्याच्या आधीचं शून्य एक्सेल गुपचूप गाळून टाकतं. ०१२१०चं झालं १२१०. पहिले दोन अंक काढले की १२. तासगावकडच्या द्राक्षबागेत डोक्यावर पदर घेऊन छाटणी करणारी प्रत्येक बाई माझ्या तक्त्यात विडी कामगार झाली होती. मग बाकीचं बघितलं तर गाई-म्हशी पाळणाऱ्या (०१४) कपडे शिवायला बसल्या होत्या, आणि ज्वारी-बाजरी काढणाऱ्या (०१११) शीतपेयं आणि दारूच्या कारखान्यात. उभा ग्रामीण महाराष्ट्र मी एका सूत्रात कारखानदार करून टाकला होता. मी खूप हसले आणि मग रडले, कारण सादरीकरण नऊ दिवसांवर आलं होतं.

त्याहून वाईट पुढे होतं. शून्यं परत आणायची तर सुरुवातीपासून करायला हवं होतं, आणि सुरुवातीला मी काय काय केलं ते मला आठवेना. कुठल्या ओळी उडवल्या, कुठले रकाने एकत्र केले, वयाची अट कधी लावली. सगळं माऊसने केलेलं, माऊसला तोंड नसतं. पंधरा दिवसांचं काम माझंच, आणि मलाच ते परत करता येईना.

तेव्हा मी 'आर' ही आकडेवारीची संगणकभाषा शिकले. शिकले म्हणजे जयकरमधल्या ताईने दोन संध्याकाळी डोळ्यांत पाणी येईपर्यंत बसवून शिकवलं. 'आर'मध्ये प्रत्येक पायरी लिहूनच करावी लागते, आणि कोडला अक्षरं म्हणून वाच असं आधी सांगता येतं, मग शून्य जागच्या जागी राहतं. पण मी म्हणेन की ही दुसरी गोष्ट झाली. खरा फरक वहीने पडला.

आईकडे कारखान्याचं एक पुस्तक असतं. किती पानं दिली, किती तंबाखू, किती विड्या जमा, किती छाट (खराब म्हणून बाजूला काढलेल्या), तारीखवार. चेकरने छाट जास्त काढली की आई ते पुस्तक उघडून त्याच्याशी भांडते. शाळा चौथीपर्यंत झालेली बाई, पण मागच्या तीन मंगळवारांचा हिशेब बोट ठेवून दाखवते. मी तसली एक दोनशे पानी वही घेतली. रोज काम थांबवताना लिहायचं की आज काय केलं, का केलं, कुठे अडलं, उद्या कुठून सुरू करायचं. मराठीत. 'आज ६५ वर्षांवरच्या बायका वगळल्या. का? माहीत नाही, सगळे वगळतात म्हणून. उद्या विचारायचं.' असल्या ओळी आहेत त्यात. विचारल्यावर कळलं की वगळायची गरजच नव्हती, विड्या वळणाऱ्या कितीतरी आज्या त्याच वयाच्या.

सादरीकरणात दुसरी चूक निघाली ती वेगळीच. दहा मिनिटं आणि बावीस स्लाइड. सहाव्या स्लाइडला घंटा वाजली, ते सोडा. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एकच विचारलं. "हे टक्के कुणाचे? महाराष्ट्रातल्या बायकांचे, की तुझ्या फाईलमधल्या बायकांचे?" मला प्रश्नच कळला नाही. नंतर त्यांनी केबिनमध्ये बसवून समजावलं. सर्वेक्षणातली प्रत्येक ओळ सारखी नसते. शहरातली घरं लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त घेतलेली असतात, म्हणून प्रत्येक ओळीला एक भार जोडलेला असतो. ती बाई आपल्यासारख्या किती जणींच्या वतीने बोलतेय, ते तो आकडा सांगतो. कुणी काही शेजणींच्या, कुणी काही हजारजणींच्या. मी सगळ्यांना एकेकच धरलं होतं.

भार लावला तर महाराष्ट्राची लोकसंख्या साऱ्या जगाच्या कित्येक पट निघाली. त्या भारात दोन दशांश स्थळं लपलेली होती, म्हणजे आधी शंभरने भागायचं, वर चार तिमाह्यांचा भागाकार होता, हे त्याच सोबतच्या फाईलमध्ये लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात, तळाला. ताईने पहिल्याच महिन्यात सांगितलेलं. आता कुठलाही डेटा हातात आला की मी आधी लोकसंख्या काढते. ती खऱ्याच्या आसपास आली (या सर्वेक्षणात थोडी कमीच येते) तरच पुढे जाते.

याच काळात वर्गाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. पैसे भरा, तीन दिवसांत आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये पेपर छापून मिळेल. चौघांनी भरले. मीही भरणार होते, पण महिन्याची मेस द्यायची होती. गरिबीने वाचवलं म्हणायचं. प्राध्यापक होण्यासाठीची नेट परीक्षा पहिल्या वेळी नाही झाली, दुसऱ्यांदा झाली. पन्नास आणि शंभर असे दीडशे प्रश्न, तीन तास, चुकीला गुण जात नाहीत. त्यावर यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, मी काही वेगळं सांगणार नाही.

एक दुपार मात्र सांगते. विभागाचं पत्र घेऊन गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात गेले होते. १९३०ची संस्था, ग्रंथालयाला धनंजयराव गाडगीळांचं नाव. तिथे गाडगीळांचं १९६५चं सोलापूर शहराच्या पाहणीचं इंग्रजी पुस्तक हातात आलं. शीर्षकात सोलापूरचं स्पेलिंग जुनं, शोलापूर. माझं गाव कुणी इतक्या जुन्या काळी घरोघर जाऊन मोजलं असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. पुस्तक चांगलं की वाईट ते ठरवायची माझी लायकी नाही. पण त्यांनी कुणाला विचारलं, किती घरांना, कसं निवडलं, ते आधी लिहिलंय. मी ती पानं दोनदा वाचली आणि माझ्या पद्धतीच्या प्रकरणात द्राक्षांचा सगळा किस्सा घातला, तक्त्यासकट. मॅडम म्हणाल्या, चूक कोण प्रबंधात लिहितं? मग म्हणाल्या, राहू दे.

आता मी ओजेटी केली त्याच संस्थेत नोकरी करते. मुलाखतीत इंग्रजीतला एक तक्ता दिला होता आणि सांगितलं होतं, हा उद्या सर्वेक्षण करणाऱ्या मुलींना मराठीत समजावून द्यायचाय, कर. बाकीचे चार उमेदवार माझ्यापेक्षा इंग्रजी चांगलं बोलत होते, दोघांना पायथॉन येत होतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मराठी माध्यम ही भरून काढायची उणीव नसून कामाची वस्तू आहे. पगार फार नाही. खाट सोडून दोघींत मिळून एक खोली घेतलीय, एवढा आहे.

आमच्या प्रश्नावलीत आता 'काय काम करता' हा प्रश्नच नाही. आम्ही विचारतो, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?

काल त्या सोलापूरच्या मुलीला परत फोन केला. एक्सेलचं मागे घेतलं. म्हटलं, वही घे एक, आणि पहिल्या पानावर तुझ्या आईचं काम लिही.

"आईचं? ताई, आई काही नाही करत. घरीच असते."

"दिवसभर काय करते?"

"काही नाही ओ. डबे असतात तेवढे."

"किती डबे?"

जरा वेळ ती गप्प. मोजत असावी. "बावीस," म्हणाली.